चौकटीतलं एक जास्त माणूस

मला खोटारडी म्हणणारी माणसं आयुष्यात बरीच भेटली. पण ती सगळी बांधकामाच्या साइटवर नाहीतर घाऊक बाजारात, आणि त्यांना मी तिथल्या तिथे उत्तर दिलं. पंख्याखाली बसून, मऊ आवाजात, ‘अहो’ आणि ‘आपण’ करत मला खोटारडी ठरवणारा माणूस एकच. आमचे संशोधन पद्धतीचे सर. ते मी विसरलेले नाही, आणि विसरणारही नाही.

मी वाघोलीत कॉलेजच्या मुलींसाठी वसतिगृह चालवते, खानावळीसकट. सुरुवात भाड्याच्या दोन खोल्यांत केली, आता इमारत स्वतःची आहे. कुणी हातावर काही ठेवलं नाही. जे उभं केलं ते भाव करून. सिमेंटचा भाव, गाद्यांचा भाव, गव्हाचा, दुधाचा, पाण्याच्या टँकरचा. ही विद्या मला जिनं शिकवली ती कोथरूडच्या एका भाजीबाजारात जमिनीवर पोतं टाकून लिंबं आणि आलं विकायची. माझी आई. तिचा नियम एकच होता: भाव एकदा सांगून झाला की तोंड बंद. जो आधी बोलेल तो हरेल.

शिक्षण माझं अर्धवट राहिलं होतं. धंदा मार्गी लागल्यावर पदवी घेतली, मग एम.ए., आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर समाजशास्त्रात पीएच.डी.ला नाव घातलं. विषय घेतला बाजारातली घासाघीस. ज्यांना हसायचं होतं ते हसून मोकळे झाले.

प्रबंधाला हात लावण्याआधी संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम पास व्हावा लागतो. नाही झालात तर नोंदणी रद्द, आणि माझ्या वयाला दुसऱ्यांदा कोण घेणार? त्या वर्षी शिकवायला माणसं कमी होती, म्हणून समाजशास्त्र आणि मानसशास्त्रवाले एकीकडे, प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्रवाले दुसरीकडे, असे सगळे एकाच वर्गात कोंबले. वर्ग प्राणिशास्त्राचा होता. भिंतीला काचेची कपाटं, कपाटांत बरण्या, बरण्यांत पिवळट पाण्यात बुडवलेले साप आणि बेडूक. एका बरणीत वानराचं न जन्मलेलं पिल्लू होतं. त्याचे डोळे मिटलेले होते, तरी कुठल्याही बाकावर बसलं की ते आपल्याकडेच तोंड करून आहे असं वाटायचं. मी पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा जागा बदलली. मग नाद सोडला.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे इथेच सांगून टाकते. आमचं घर बुद्धाला मानणारं. अंगात येणं, उतारा टाकणं, लिंबू ओवाळणं यातलं काही आईनं घरात शिरू दिलं नाही. तिच्याकडून लिंबं नेऊन लोक काय काय करत, तिला ठाऊक होतं. ती म्हणायची, ‘मेलेलं माणूस कोणाच्या वाटेत येत नाही बाई. जितेच येतात.’

पहिल्याच तासाला मी हात वर केला आणि म्हटलं, घासाघीस कशी चालते ते मला पाठ आहे, जन्मभर तेच केलंय. सर हसले. वयानं माझ्याहून लहान, दाढी कोरलेली.

“मॅडम, आपला अनुभव फार मोलाचा आहे. पण अनुभव म्हणजे डेटा नव्हे.”

वर्ग हसला. बरणीतलं पिल्लू तेवढं हसलं नाही.

डेटा म्हणजे काय, हे शिकण्यासाठी सरांनी आमच्या जोड्या लावल्या: एक समाजशास्त्राचा, एक जीवशास्त्राचा. दोघांनी एकच व्हिडिओ वेगवेगळा बसून पाहायचा, एकमेकांना न विचारता. मिनिटामिनिटाला व्हिडिओ थांबवायचा, चौकटीत किती माणसं आहेत ते मोजायचं आणि प्रत्येक जण काय करतोय ते ठरलेल्या कोडमध्ये भरायचं. मग दोघांचं ताडून पाहायचं. जुळलं तर तुम्ही खरंच पाहिलंत. नाही जुळलं तर एकानं तरी मनानं भरलं.

माझ्या वाट्याला आली ती कात्रजला खोली घेऊन राहणारी, घाटातल्या वानरांवर काम करणारी एक मुलगी. काटकुळी, कमी बोलणारी. बघायला लागली की पापणी हलायची नाही. व्हिडिओ माझ्या विषयाचा घ्यायचा ठरला. मी आईच्या त्याच बाजारात गेले.

खूप वर्षांनी पाय ठेवला होता तिथे. आई गेल्यावर तिची जागा मी मागितली होती. बाजारातल्या बायकांनी दिली नव्हती. ‘ती तुला नको, आणि कुणालाच द्यायची नाही,’ एवढंच म्हणाल्या होत्या. चालत्या बाजारातली तयार जागा कोण रिकामी ठेवतं? आपल्यातल्याच कुणालातरी दिली असणार, असं मी समजले, दोन शिव्या घातल्या आणि पुन्हा त्या गल्लीत गेले नाही. आता तर गल्लीच ओळखू येत नव्हती. रस्ता रुंद झालेला, आईच्या पाठीशी असलेला विजेचा खांब गेलेला, खाली फरशा. जुन्यांपैकी एक लसूणवाली आक्का तेवढी उरली होती. चित्रीकरणाची परवानगी द्यायला तिनं माझ्याकडून चहा, पान आणि तिच्या सुनेला दम देण्याचं वचन, असं सगळं काढून घेतलं. मी तिच्या समोरच्या कट्ट्यावर ट्रायपॉड लावला आणि सहा-सात संध्याकाळी बाजार टिपून घेतला.

कोड ठरवताना मुलीशी माझी पहिली चकमक झाली.

“ही बाई निघून जायचं नाटक करते,” मी म्हटलं. “लिही, नाटक.”

“ताई, नाटक दिसत नाही. पाठ फिरवणं दिसतं.”

“अगं, पण मला कळतंय ना ती परत येणार आहे!”

“मग ती परत येईल तेव्हा लिहू.”

मला राग आला, पण पटलं. मनातलं लिहायचं नाही, दिसेल ते लिहायचं. म्हणून पुढे जे झालं ते मला जास्त लागलं.

कोड ताडून पाहिले. कोण थांबलं, कुणी भाव विचारला, कुणी पाठ फिरवली, सगळं जुळलं. फक्त माणसांचा आकडा जुळेना. प्रत्येक व्हिडिओत, जवळजवळ प्रत्येक चौकटीत, तिच्याकडे माझ्यापेक्षा एक माणूस जास्त.

सरांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. व्हिडिओ पाहायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. त्यांचं म्हणणं, ती मुलगी पूर्वीपासून निरीक्षणाचं काम करणारी, तिचा आकडा चुकणार नाही. मग चुकलं कोण?

“आपला व्याप मोठा आहे, वेळ मिळत नसेल. घरी बसून अंदाजानं भरलं असेल तर तसं सांगा. मी समजू शकतो.”

“तुम्ही व्हिडिओ बघा.”

“अहो, ते माझं काम नाही. पुढच्या सोमवारपर्यंत एकतर तो आकडा खरंच जास्तीचा असेल तर काढून दोघींचं जुळवा, नाहीतर ते माणूस मला दाखवा. दोन्ही नाही झालं तर माझा नाइलाज आहे.”

मी दार आपटलं. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला, मी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुली कॉलेजला गेल्यावर मी तिला वसतिगृहावर बोलावलं. खानावळीची खोली रिकामी होती. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी सोडली तर इमारतीत आवाज नव्हता. लॅपटॉप उघडायच्या आधीच मी बरसले.

“ते एक जास्तीचं कोण घुसवलंयस? काढून टाक. तुला काय, तुझी वानरं आहेत. माझी नोंदणी जाईल.”

तिनं व्हिडिओ लावला आणि आक्काच्या डाव्या हाताला पडद्यावर बोट ठेवलं. “हे.”

तिथे फरशी होती. रिकामी.

“कोण आहे इथे?”

“माहीत नाही. तुम्ही जागेकडे बघू नका ताई. येणाऱ्यांकडे बघा.”

मी बघायला लागले. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक बाई सरळ आली, त्या फरशीपाशी तिरकी झाली आणि वळसा घालून गेली. मागून मोबाइलमध्ये डोकं खुपसलेला एक माणूस आला. त्यानं मान वर केली नाही, तरी पाय आपोआप बाजूला पडले. हातगाडीवाल्यानं चाक वळवलं. कडेवरचं एक मूल तिथून जाताना जमिनीकडे पाहत राहिलं आणि पुढे गेल्यावरही मान मागे वळवून पाहत राहिलं. गर्दी वाढली. माणसाला माणूस घासत होतं, आक्काच्या लसणावर पाय पडत होते, ती शिव्या घालत होती. आणि तिच्या शेजारी, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा कोरडी राहिली होती. पाण्यात दगड असावा आणि पाणी दोन बाजूंनी जावं, तशी. दगड तेवढा दिसत नव्हता.

“मी घाटात एवढे महिने काढले,” ती म्हणाली, “बिबट्या मला एकदाही दिसलेला नाही. पण तो कुठे आहे ते मी बोट ठेवून सांगते. वानरं सगळी एका दिशेला तोंड करतात, ती वाट सोडतात. आमच्यात त्याला हजर धरतात. मी तसंच धरलं. सवयीनं.” मग म्हणाली, “आधी मलाही कळलं नव्हतं की तिथे कुणी दिसत नाहीये.”

मी उठून पंखा बंद केला.

“खड्डा असेल. निसरडं असेल.”

“बघितलं जाऊन. सपाट आहे.” तिनं व्हिडिओ पुढे सरकवला. “आणि हे बघा.”

पडद्यावर मी होते. ट्रायपॉड लावून आक्काला चहा नेऊन द्यायला निघालेली. हातात दोन पेले. त्या फरशीपाशी आल्यावर मी जरा कलले, दोन्ही पेले एका हातात घेतले आणि मोकळ्या हातानं निऱ्या गोळा करून अंगाशी धरल्या. दाटीत खाली बसलेल्या माणसाच्या तोंडाला साडी लागू नये म्हणून बाईमाणूस धरतं, अगदी तशा.

असं केल्याचं मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही.

“काढते मी तो आकडा,” ती म्हणाली. “तुमचं पास होणं महत्त्वाचं.”

“हात लावू नकोस,” मी म्हटलं. का म्हटलं, ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

त्याच दिवशी उन्हं उतरायच्या आत मी बाजारात गेले. आक्का लसणाच्या पाकळ्या सोडवत होती. मी त्या फरशीच्या अलीकडे उभी राहिले आणि विचारलं, इथे कोण बसतं?

“कोण न्हाय बसत.”

“का?”

“तुला म्हाईत न्हाय व्हय?” ती माझ्याकडे बघत राहिली. “खांब काढला म्हून वळखू ना तुला? तुझ्या आईची जागा हाय ही.”

मी आजूबाजूला पाहिलं. खांब नव्हता, पण समोरच्या इमारतीचा जिना तोच होता. शाळेतून मी त्याच जिन्याच्या दिशेनं यायची. तिरकं ऊन तसंच पडलं होतं.

“म्हणजे तुम्ही ठेवलीत? इतकी वर्षं?”

“ठिवतंय कोण! आमास्नी काय येड लागलंय? लई जणांनी बसून बघितलं. पालकवाली बसली, फुलवाला बसला. दोन दिस बसत्यात आन् आपणहून सरकत्यात. पालकवाली म्हनं, गिऱ्हाईक येतंय, माज्या बाजूला बगून इचारतंय, लिंबं कशी दिली. मी पालक इकते आन् ते लिंबं इचारतंय!” आक्कानं पाकळ्या सुपात टाकल्या. “फरश्या लावाय आले ना, त्या लोकांनीबी ही फरशी समद्यात शेवटी लावली. कुणी सांगितलं नव्हतं.”

आई कशी गेली ते मला माहीत होतं, पण तपशील कुणी सांगितला नव्हता. तो आक्कानं सांगितला. दुपारची वेळ होती. आई खांबाला टेकून बसली होती, डोळे उघडे. एक गृहस्थ आले आणि लिंबांचा भाव पाडून मागायला लागले. आई गप्प. तिचं गप्प बसणं सगळ्या बाजाराला माहीत होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. गृहस्थांनी भाव थोडा वाढवला. आई गप्प. ते चिडले, जायला निघाले, परत आले आणि आईचा जो भाव असायचा त्याच्याही वर बोलून पैसे पोत्यावर ठेवून लिंबं घेऊन गेले. मग आक्का हसून म्हणाली, ‘जिंकलीस गं,’ आणि तिच्या गुडघ्यावर हात मारला. तेव्हा कळलं.

माझ्या आईनं आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा मेल्यावर केला.

“म्हून तुला दिली न्हाय,” आक्का म्हणाली. “कवळी पोर तू. हितं बसून काय झालं असतं तुजं?”

हे तेव्हाच सांगायला तोंड नव्हतं का, असं मी तिला विचारणार होते. मोठ्यानं विचारणार होते. पण माझं लक्ष फरशीवर होतं. ही जागा मला हवी होती. हिच्यावरून मी बाजारावर दात धरला, आणि त्या दाताच्या जोरावर इमारत बांधली. आता ती समोर होती, अडवायला कुणी नव्हतं. मी बसायला वाकले. गुडघे वाकले, पण पुढे जाववेना. कुणी ढकलत नव्हतं, भीतीही नव्हती. नुसतं, बसलेल्या माणसाच्या मांडीत आपण जाऊन बसत नाही, तसं.

शाळा सुटली की मी इथे येऊन उभी राहायची आणि म्हणायची, आई, चल आता. ती म्हणायची, ‘थांब न बाई, एक गिऱ्हाईक येऊन राह्यलं.’ गिऱ्हाईक कुठे दिसत नसायचं. तिला ते लांबून येताना कळायचं.

मी सरळ झाले. लोक बघत होते. मला राग आला, तिचाच आला.

“माझ्या आकड्यांचा सत्यानाश केलास,” मी फरशीला म्हटलं. “नोंदणी जायची वेळ आलीय. चल आता.”

आक्कानं लसूण सोडवणं थांबवलं नाही.

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. मुलगी घाटात होती, मी एकटीच. सरांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या. मी एकीवर बसले, लॅपटॉप उघडून त्यांच्याकडे वळवला आणि म्हटलं, “ते माणूस दाखवा म्हणालात. हे बघा. लोक वळतात. मी तिचा आकडा काढणार नाही, माझा बदलणार आहे. दोघींचं जुळतं. त्या हजेरीला कोड वेगळा द्यायचा आणि ती माझ्या प्रबंधात राहील.”

भाव सांगून झाला होता. मी तोंड बंद केलं.

सर बघत राहिले. मग म्हणाले, “हे काय आहे, मॅडम? हे शास्त्रात बसत नाही.”

मी गप्प.

“बरं, तळटीप टाका एक.”

मी गप्प. केबिनमध्ये पंख्याचा आवाज होता. मला एरवी अशा वेळी आतून उकळ्या फुटतात, जीभ वळवळते. त्या दिवशी काहीच नव्हतं. इतकं गप्प मला आधी कधी बसता आलं नव्हतं. हे गप्प बसणं माझं एकटीचं नाही, असं वाटत होतं.

“परिशिष्टात घाला,” सर म्हणाले. त्यांनी कपाळ पुसलं. “ठीक आहे, प्रकरणात घ्या. स्पष्टीकरण नसलेली टाळाटाळ, असं नाव द्या. मी पास करतो. झालं?”

हे सगळं बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ते माझ्या शेजारच्या खुर्चीकडे पाहत होते. जरा खाली, कुणी बुटकं माणूस बसलं असेल तर त्याचे डोळे येतील तेवढ्या उंचीवर.

“झालं,” मी म्हटलं आणि उठले. अनुभव म्हणजे डेटा नव्हे, या वाक्याबद्दल त्यांनी माफी मागितली नाही. ते अजून येणं आहे.

बाहेर तास सुटला होता. जिना अरुंद, खालून पोरापोरींचा लोंढा वर येत होता, बडबडत, एकमेकांना ढकलत. एरवी त्या जिन्यात मला कोपर मारून वाट काढावी लागते. मी कठड्याला धरून उतरायला लागले. लोंढा न थांबता भिंतीकडे सरकला, एकामागे एक झाला. कुणी वर पाहिलं नाही, कुणाचं बोलणं तुटलं नाही.

मी मध्येच थांबले आणि त्यांनी सोडलेली वाट नीट पाहिली. मी एवढी रुंद नाही.